बाय वीकचा फायदा किती? प्रकल्प नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२५

४ जानेवारी २०२५, शनिवार

प्रश्न एका ओळीत लिहून ठेवतो: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हंगामाच्या मध्ये एखाद्या संघाला एक शनिवार मोकळा (म्हणजे बाय) मिळाला, तर पुढच्या सामन्यात त्याचा खरंच फायदा होतो का, आणि होत असेल तर किती गुणांचा?

निमित्त परवा संपलेल्या उपांत्यपूर्व फेरीचं. यंदा पहिल्यांदाच बारा संघांचं प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) झालं आणि वरच्या चार मानांकितांना पहिली फेरी माफ होती. चौघंही हरले. बॉयसी स्टेट पेन स्टेटकडून ३१–१४, ॲरिझोना स्टेट टेक्ससकडून दोन ओव्हरटाइमनंतर ३९–३१, ओरेगन ओहायो स्टेटकडून ४१–२१, जॉर्जिया नोटर डेमकडून २३–१०. आम्ही ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला राहतो, त्यामुळे तिसऱ्या निकालाचं इथे कोणालाही दुःख नाही. पण ऑफिसात, सलूनमध्ये, रेडिओवर एकच पालुपद चालू आहे: पंचवीस दिवस बसून राहिले आणि गंजले.

हीच मंडळी ऑक्टोबरात सांगत होती की बायनंतर संघ ताजातवाना उतरतो, डोळे झाकून त्याच्या बाजूने पैसे लावा. विश्रांतीने माणूस ताजाही होतो आणि गंजतोही, दोन्ही पटण्यासारखं आहे. पण मग निकाल लागल्यावर हवं ते कारण उचलायचं एवढंच उरतं.

पुण्याच्या दादाला (मामेभाऊ, विम्याच्या आकडेमोडीत मुरलेला, फुटबॉलशी शून्य संबंध) प्रश्न पाठवला. "करू या," म्हणाला. एकच अट घातली: आकडे उघडण्याआधी मोजायचं कसं ते कागदावर ठरलं पाहिजे. म्हणून ही वही.

५ जानेवारी

दादासाठी पार्श्वभूमी. ही बाय म्हणजे कबड्डीच्या स्पर्धेत मिळते ती पुढे चाल नव्हे. साखळी हंगामात त्या शनिवारी सामनाच नसतो, एवढंच. वरच्या विभागात २०२४ साली १३४ संघ होते. प्रत्येक संघ नियमित हंगामात बारा सामने खेळतो, बहुतेक शनिवारी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या कामगार दिनाला जोडून हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर संपतो. या काळात तेरा शनिवार आले की एक बाय, चौदा आले की दोन. २०१३, २०१४, २०१९ आणि २०२४ ही चौदा शनिवारांची वर्षं होती. २०२५ही तसंच आहे.

प्लेऑफची 'बाय' वेगळी. तिथे महिनाभराचं अंतर पडतं, मध्ये नाताळ येतो, परीक्षा येतात. ती या प्रकल्पात नको. पण लोकांच्या डोक्यात दोन्हींची भेळ आहे, तेव्हा तिच्यावर एक नोंद करावीच लागेल.

१२ जानेवारी, रविवार

दादाचा फोन. मी उत्साहाने म्हटलं, सोपं आहे: बायनंतरचे सगळे सामने काढू, किती टक्के जिंकले बघू, नेहमीच्या टक्केवारीशी ताडून पाहू.

"अरे, वानखेडेवर टॉस जिंकल्याचा फायदा मोजता येतो, कारण टॉस नाणं ठरवतं. तुमची बाय कोण ठरवतं?"

झालं. पुढचा तासभर त्याच एका प्रश्नावर गेला. बाय कॉन्फरन्सचं (आपापसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं) कार्यालय ठरवतं, टीव्हीवाले ठरवतात, आणि काही अंशी विद्यापीठं स्वतः ठरवतात, कारण कॉन्फरन्सबाहेरचे तीन-चार सामने त्यांनीच जुळवलेले असतात. एखाद्या मोठ्या लढतीआधी दोन्ही संघांना मोकळीक मिळावी अशी सोय केली जाते. जॅक्सनव्हिलला होणारी जॉर्जिया–फ्लोरिडा बहुधा अशीच असते, नोव्हेंबरातली अलाबामा–एलएसयू (लुइझियाना स्टेट) लढतसुद्धा. म्हणजे बायनंतरचा प्रतिस्पर्धी कोण असेल हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. सुरुवातीला दुबळ्या पाहुण्यांना झोडपायचं, मग बाय, मग कॉन्फरन्समधला तगडा संघ. या क्रमात बायनंतरची टक्केवारी घसरली तर दोष विश्रांतीचा का वेळापत्रकाचा?

दादाचं दुसरं टोचणं: "आणि समोरचाही विश्रांती घेऊनच आला असेल तर?"

ठरलं ते असं. 'बाय होती की नव्हती' हा रकाना काढून टाकायचा. त्याऐवजी दोन्ही संघांचे मागच्या सामन्यापासूनचे दिवस मोजायचे आणि त्यांची वजाबाकी करायची. चौदा उणे सात म्हणजे खरी संधी. चौदा उणे चौदा म्हणजे शून्य, मग दोघांचे कोच मुलाखतीत काहीही म्हणोत.

२१ जानेवारी, मंगळवार

काल रात्री अटलांटात ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४–२३ हरवलं. विजेतेपद. शहर झोपलेलं नाही, मीही नाही, आणि तरी सकाळी त्यांचंच वेळापत्रक उघडून बसलो.

ओहायो स्टेटच्या हंगामात दोन बाय होत्या. पहिली १४ सप्टेंबरला, त्यानंतर मार्शलवर ४९–१४. दुसरी १९ ऑक्टोबरला, ओरेगनमध्ये ३२–३१ असा एका गुणाने सामना गमावल्यानंतर. मग २६ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर नेब्रास्का. निकाल २१–१७, विजय.

कोचच्या खात्यात 'बायनंतर २–०', म्हणजे दोन विजय, शून्य पराभव. टीव्हीच्या पट्टीवर हेच झळकतं. पण त्या नेब्रास्काच्या सामन्यात सट्टाबाजाराची अपेक्षा साधारण पंचवीस गुणांच्या विजयाची होती. नेब्रास्का आदल्याच शनिवारी इंडियानाकडून ५६–७ असा मार खाऊन आला होता. चौदा दिवसांची विश्रांती, समोर सात दिवसांत पाय ओढत आलेला संघ, घरचं मैदान, आणि चार गुणांनी सुटका. विजय मोजला तर बाय पावली, गुणफरक मोजला तर बायनंतरचा हा त्यांचा हंगामातला सर्वांत कंगाल दिवसांपैकी एक.

त्यात आणखी एक अडकलेलं आहे. ओरेगनविरुद्ध डावा टॅकल (आक्रमणाच्या आघाडीच्या फळीतला खेळाडू) जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला होता. म्हणजे बाय मिळाली तो आठवडा विश्रांतीचा कमी आणि खिंडार बुजवण्याचा जास्त होता. त्याच्या जागी आलेला खेळाडूही नेब्रास्काविरुद्ध जखमी झाला. ताजेपणा, दुखापत आणि प्रतिस्पर्ध्याची जिद्द यांची वाटणी एका सामन्यातून कोणीही करू शकत नाही.

आणि नेब्रास्काचा तो ५६–७? त्याआधी नेब्रास्कालाही बाय होती. इंडियानालाही होती. वजाबाकी शून्य. 'बायनंतर दाणादाण' म्हणून हा सामना सांगणारे नेब्रास्कावाले भेटतील, 'बायनंतर दणदणीत' म्हणून सांगणारे इंडियानावाले भेटतील. एकच सामना, दोन्ही बाजूंचा पुरावा.

२ फेब्रुवारी

विश्रांतीचे दिवस मोजायचं काम वाटलं होतं त्यापेक्षा चिवट आहे. खुल्या डेटाबेसात सामन्याची वेळ ग्रिनिचच्या घड्याळाने असते. पश्चिम किनाऱ्यावर शनिवारी रात्री सुरू झालेला सामना तिथे रविवारी पडतो, आणि सहाचे सात किंवा सातचे आठ दिवस होतात. तारखा स्थानिक वेळेत बदलून घेण्याचा तुकडा लिहिला. हवाईसाठी वेगळा तपास लागतो.

सगळे सामने शनिवारी नसतात हेही आहेच. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स नोव्हेंबरात मंगळवारी-बुधवारी खेळते, टीव्हीवर जागा मिळावी म्हणून. गुरुवारचे, शुक्रवारचे सामने सगळीकडेच वाढलेत. गुरुवारी खेळून पुढच्या शनिवारी उतरणाऱ्याला नऊ दिवस मिळतात. त्याला कोणी बाय म्हणत नाही, पण शरीराला नाव थोडंच कळतं. म्हणून दिवसांची वजाबाकी हाच मुख्य आकडा. तीन दिवसांपर्यंतचा फरक एका गटात, सहा किंवा जास्त दुसऱ्या गटात. मधले चार-पाच थोडेच असतील, ते वेगळे ठेवू.

१६ फेब्रुवारी, रविवार

नमुना म्हणून फ्लोरिडा स्टेटचा २०२४चा हंगाम हाताने भरला. असा हंगाम शत्रूलाही नको. आधी देशात दहावे मानांकन, शेवटी २–१०.

यांनी सुरुवात सगळ्यांच्या आधी केली, २४ ऑगस्टला डब्लिनमध्ये, आणि जॉर्जिया टेककडून २४–२१ हरले. त्यामुळे त्यांना दोनऐवजी तीन मोकळे शनिवार मिळाले. पहिल्या मोकळ्या शनिवारनंतर, बारा दिवसांच्या विश्रांतीने, घरी मेम्फिसकडून २०–१२ पराभव. मेम्फिस सात दिवसांत आला होता. फरक पाच दिवसांचा, म्हणजे आमच्या मधल्या गटातला, तरी एकतर्फी संधीच, आणि ती वाया गेली. दुसऱ्यानंतर, तेरा दिवसांनी, ड्यूककडे शुक्रवारी २३–१६ पराभव. पण ड्यूकही ५ ऑक्टोबरनंतर थेट त्याच दिवशी उतरला होता. वजाबाकी शून्य, नोंद बाद. तिसऱ्यानंतर, चौदा दिवसांनी, चार्ल्सटन सदर्नवर ४१–७ विजय. चार्ल्सटन सदर्न खालच्या विभागातला संघ. नोंद बाद.

बघा आता. ढोबळ तक्त्यात 'बायनंतर १–२'. चाळणीतून काढलं की उरतो एकच सामना, मेम्फिसचा. तीनातले दोन चाळणीतच अडकले, तेही आमचा निकष अजून फार कडक नसताना.

त्या तिसऱ्या बायबद्दल एक आडवाट. ९ नोव्हेंबरला नोटर डेमने त्यांना ५२–३ असं चिरडलं आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य कोच माइक नॉर्व्हेल यांनी आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंचे समन्वयक काढून टाकले. बायचा आठवडा म्हणजे नोकरी जाण्याचाही मोसम. नव्या माणसाला घडी बसवायला दोन आठवडे मिळावेत म्हणून विद्यापीठं हीच वेळ गाठतात. तेव्हा 'बायनंतरच्या' सामन्यांत कोच बदललेले, मोडकळीला आलेले संघही मिसळलेले असतात. मध्येच मुख्य कोच बदललेले सामने खूण करून ठेवायचे, निकाल त्यांच्यासह आणि त्यांच्याविना दोन्ही बघायचे.

९ मार्च

ऑफिसातल्या अलाबामाच्या एका पाठीराख्याने आज भर जेवणात ऐकवलं: "आमच्याविरुद्ध येतात ते सगळे बाय घेऊनच येतात." त्याची जखम २०१०ची आहे आणि तिच्यात दम आहे.

त्या वर्षी अलाबामा गतविजेता होता. एसईसी या त्यांच्या कॉन्फरन्समधल्या आठ प्रतिस्पर्ध्यांपैकी सहा जण बाय घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. साउथ कॅरोलायनाने, अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर असताना, ३५–२१ हरवलं. एलएसयूने २४–२१. ऑबर्नने ०–२४ अशा पिछाडीवरून २८–२७. नियमित हंगामातले तिन्ही पराभव बायवाल्यांकडून. ऐकायला भयंकर वाटतं.

आता उरलेले तीन: ओल मिसवर २३–१०, टेनेसीवर ४१–१०, मिसिसिपी स्टेटवर ३०–१०, तिन्ही अलाबामाचे विजय. जेवताना या तिघांचं नाव निघालं नाही. शिवाय एलएसयूच्या आधी अलाबामालाही बाय होती, म्हणजे ती लढत बरोबरीची. आणि ज्यांनी हरवलं ते कोण? ऑबर्न, कॅम न्यूटनच्या जोरावर त्याच हंगामाचा राष्ट्रीय विजेता. साउथ कॅरोलायना, एसईसीच्या पूर्व गटाचा विजेता. यांना अलाबामाला हरवायला बायच लागली असं म्हणणं ऑबर्नवर अन्याय आहे.

मग म्हटलं, २०२४ही पाहू. तिथे तर त्याच्या बाजूचं सापडलं. ५ ऑक्टोबरला व्हँडरबिल्टने, पुन्हा अलाबामा पहिल्या क्रमांकावर असताना, ४०–३५ असा हादरा दिला; व्हँडरबिल्टला आधीचा शनिवार मोकळा होता, अलाबामा जॉर्जियाशी झुंजून सात दिवसांत आला होता. २३ नोव्हेंबरला ओक्लाहोमाने २४–३ असं गुंडाळलं; ओक्लाहोमालाही आधी बाय. त्या नियमित हंगामात अलाबामाविरुद्ध एकतर्फी विश्रांतीचे सामने हे दोनच, आणि दोन्ही पराभव.

दोन हंगाम मिळून सात एकतर्फी सामने, चार पराभव, तीन विजय. अलाबामासारखा संघ एरवी सातात चार हरत नाही. मोह होतो. पण चारपैकी तीन पराभव परक्या मैदानावरचे, आणि मुळात हे दोन हंगाम मी उचललेच का? कारण त्यांचीच चर्चा होते. २०१० आणि २०२४च्या मधली वर्षं, जेव्हा अलाबामाने बायवाल्यांना गुपचूप हरवलं, ती कोणाच्या लक्षात नाहीत. गाजलेल्या सामन्यांवरून सुरुवात करायची नाही. सगळी वर्षं, सगळे संघ, मग जे निघेल ते. त्या गृहस्थांना एवढंच सांगितलं की प्रकल्प चालू आहे. ते हसले. त्यांना उत्तर आधीच माहीत आहे.

ओक्लाहोमाच्या सामन्यावरून आणखी एक मुद्दा. अलाबामाने आदल्या शनिवारी मर्सरला ५२–७ धुतलं होतं. मर्सर खालच्या विभागातला. नोव्हेंबरात असा एक लिंबूटिंबू सामना ठेवणं ही एसईसीची जुनी चाल. मुख्य खेळाडू लवकर बाहेर बसतात. कागदावर सात दिवस, शरीराला त्याहून थोडे जास्त. याला 'अर्धी बाय' म्हणून वेगळा रकाना दिला.

३० मार्च

दादाने आज सगळ्यात उपयोगी काम केलं: किती सामने लागतील त्याचा हिशेब. आकडे बघण्याआधी.

कॉलेज फुटबॉलमध्ये चांगला अंदाज केला तरी प्रत्यक्ष गुणफरक त्याच्या आजूबाजूला फार हेलकावे खातो. प्रमाण विचलन साधारण सोळा गुण धरू. घरच्या मैदानाचा फायदा लोक दोन-अडीच गुणांचा मानतात. बायचा त्याहून कमीच असणार. समजा, एक गुण.

एका गुणाने जिंकण्याची शक्यता किती वाढते? बरोबरीच्या लढतीत साधारण अडीच टक्क्यांनी. म्हणजे एखादा कोच आयुष्यभरात बायनंतर वीस सामने खेळला तर त्याला बायने मिळवून दिले अर्धा विजय. वीस सामन्यांत अर्धा! आणि एरवी पंचाहत्तर टक्के जिंकणाऱ्या कोचच्या वीस सामन्यांत नुसत्या नशिबाने दोन विजय इकडचे तिकडे होतात. 'बायनंतर १७–३' असलेला कोच विश्रांतीचा जादूगार असेल किंवा त्याला पत्ते चांगले पडले असतील. त्या आकड्यावरून सांगता येत नाही, कधीच येणार नाही. टीव्हीवर दर शनिवारी झळकणारी ती पट्टी मनातून पुसून टाकली.

आता उलटा हिशेब. एक गुणाचा परिणाम गोंगाटातून उठून दिसायला, म्हणजे चूक अर्ध्या गुणावर आणायला, सोळाला अर्ध्याने भागून वर्ग करा: १०२४ सामने. एका बायच्या वर्षात १३० संघ धरले तर एकतर्फी सामने जास्तीत जास्त १३०. त्यातून दोघंही विश्रांती घेतलेले गेले, खालच्या विभागाचे प्रतिस्पर्धी गेले. फ्लोरिडा स्टेटची चाळणी आठवा. दहा वर्षं सहज लागतील, बहुधा जास्तच.

आणि दहा वर्षांत खेळ तोच राहतो का? २०२०चा हंगाम कोविडने विस्कटला. ओहायो स्टेटने तेव्हा नियमित हंगामात पाचच सामने खेळले, ठरलेले सामने ऐनवेळी रद्द झाले. ती विश्रांती नव्हती, विलगीकरण होतं. २०२० सरळ वगळणार. त्यानंतर खेळाडूंना संघ बदलणं सोपं झालं, कॉन्फरन्सांची उलथापालथ झाली, पॅसिफिक किनाऱ्यावरचे संघ पूर्व किनाऱ्यावर साखळी सामने खेळायला लागले. लांबच्या विमानप्रवासानंतर विश्रांतीची किंमत वेगळी असू शकेल. उत्तर मिळायला वर्षं हवीत, आणि वर्षं एकसारखी राहत नाहीत. यावर तोडगा नाही. आधीची आणि नंतरची वर्षं वेगळी दाखवायची, एवढंच हातात आहे.

२३ मे, शुक्रवार

प्लेऑफवाल्यांनी काल नियम बदलला. आतापर्यंत पहिली चार मानांकनं चार कॉन्फरन्स विजेत्यांना राखीव होती. या हंगामापासून क्रमवारीतल्या पहिल्या चारांनाच पहिली फेरी माफ.

जानेवारीतली 'गंजले' ही ओरड निकालात काढायला हे बरं निमित्त. समितीच्या शेवटच्या क्रमवारीत बॉयसी स्टेट नववा आणि ॲरिझोना स्टेट बारावा होता. राखीव जागेमुळे ते तिसरे-चौथे मानांकित झाले. त्यांना हरवणारे टेक्सस आणि पेन स्टेट क्रमवारीत तिसरे आणि चौथे. नवा नियम गेल्या वर्षी असता तर बाय या जिंकणाऱ्यांनाच मिळाली असती! चारपैकी दोन निकालांना गंजाची गरजच नाही. जॉर्जियाचा मुख्य क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) कार्सन बेक कोपराच्या दुखापतीने बाहेर होता. उरला ओरेगन. एका सामन्यावर सिद्धांत उभा करायची माझी तयारी नाही.

२२ जून

महिनाभर ऑफिसच्या कामात. आज पुन्हा वही उघडली ती 'का' या प्रश्नासाठी. फायदा असेल तर तो येतो कुठून?

व्यावसायिक लीगचा दाखला इथे मोलाचा. एनएफएलमध्ये बाय १९९० पासून आहे. २०११च्या खेळाडू-करारात असं आलं की बायच्या आठवड्यात खेळाडूंना सलग चार दिवस पूर्ण सुट्टी द्यायची. त्यानंतरच्या आणि आधीच्या हंगामांची तुलना करणाऱ्या अभ्यासात दिसलं की पूर्वी बायचा फायदा दोन गुणांच्या आसपास होता, नंतर तो जवळपास विरला. कराराच्या तारखेनेच हे घडलं असेल तर अर्थ मोठा गमतीदार निघतो: फायदा झोपेचा नव्हताच, जादा सरावाचा होता. खेळाडूंना खरी सुट्टी मिळाली आणि संघाची आघाडी गेली.

कॉलेजमध्ये तसा करार नाही, पण वीस तासांचा नियम आहे. हंगामात आठवड्याला वीस तास, दिवसाला चार तास, आठवड्यात एक दिवस सुट्टी. बाय असो नसो, सरावाची मर्यादा तीच. म्हणजे कोचला दोन आठवड्यांत दुप्पट तयारी मिळते, पण एका आठवड्यात दीडपट करता येत नाही. शिवाय बायच्या आठवड्यात अर्धे कोच गावोगाव हायस्कूलच्या पोरांना गळ घालत फिरत असतात. तयारी होते ती प्रामुख्याने कोचांच्या खोलीत, चित्रफिती बघून.

याची एक कसोटी सुचली. काही संघांचं आक्रमणच इतकं निराळं असतं की एका आठवड्यात त्याची तयारी होत नाही. ट्रिपल ऑप्शन खेळणारे आर्मी, नेव्ही, किंवा पॉल जॉन्सन कोच असतानाचं जॉर्जिया टेक, २००८ ते २०१८. क्वार्टरबॅक चेंडू स्वतः ठेवणार, देणार की फेकणार हे बचावाला शेवटच्या क्षणी कळतं. फायदा तयारीचा असेल तर या संघांविरुद्ध तो जास्त दिसला पाहिजे. शरीराच्या विश्रांतीचा असेल तर इतरांइतकाच.

मागच्या डिसेंबरची आर्मी–नेव्ही लढत यात बसवून पाहिली. आर्मी ६ डिसेंबरला कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळून (तुलेनवर ३५–१४) आठ दिवसांनी उतरली. नेव्ही नोव्हेंबरअखेरपासून मोकळी. नेव्ही ३१–१३ जिंकली. पण या दोघींना एकमेकींची चाल बाराही महिने पाठ असते, तिथे तयारीचा मुद्दाच उरत नाही. देखणं उदाहरण, कसोटीला निरुपयोगी.

दुखापतीची वाट वेगळी आहे. घोटा मुरगळून दोन आठवडे बाहेर जाणारा खेळाडू बाय असली तर एकच सामना चुकवतो. हा फायदा खरा आहे, पण तो पुढच्या एकाच सामन्यात सापडेल असं नाही.

१३ जुलै

दादाशी वाद, पहिलाच मोठा. तुलना कशाशी करायची?

माझं म्हणणं होतं सट्टाबाजाराच्या लाईनशी, म्हणजे बाजाराने सामन्याआधी धरलेल्या गुणफरकाशी. तिच्याइतका चांगला अंदाज दुसरा नाही, आणि मी स्वतः नेब्रास्काच्या सामन्यासाठी तीच वापरली. दादा म्हणाला, "बाजाराला बाय झालीय हे माहीत नसतं का? त्याने ती भावात धरलेली असणार. मग लाईनपेक्षा जास्त-कमी काय झालं यावरून तू बायचा परिणाम मोजत नाहीस, बाजाराची चूक मोजतोयस."

खरं आहे. बायचा फायदा तीन गुणांचा असला आणि बाजाराने तीनच धरले, तर आमचं उत्तर शून्य येईल आणि आम्ही 'बाय निरुपयोगी' असं छापू. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत: बाय उपयोगी आहे का, आणि बाजाराला ती नीट कळली आहे का. पैसे लावणाऱ्याला दुसरा महत्त्वाचा, आम्हाला पहिला. म्हणून मुख्य तुलना संघाच्या ताकदीच्या अशा अंदाजाशी होईल, ज्याला विश्रांतीचा गंधही नाही: मागचे निकाल, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, मैदान, बस. लाईन दुसऱ्या तक्त्यात.

मग त्याने एक छान खोच सुचवली. हाच सगळा हिशेब बायनंतरच्या दुसऱ्या सामन्यावरही चालवायचा. तिथे ताजेपणा बराचसा ओसरलेला असणार. तिथेही तेवढाच 'फायदा' निघाला तर आम्ही विश्रांती मोजत नसून वेळापत्रकातलं काहीतरी मोजतोय हे उघड होईल. बिनऔषधाची गोळी.

९ ऑगस्ट, शनिवार

नियम आज गोठवले. हंगामाचा पहिला सामना वगळायचा, कारण त्याआधीचे विश्रांतीचे दिवस मोजायलाच नाहीत. खालच्या विभागाविरुद्धचे बाद. २०२० बाद. डिसेंबरपासूनचं सगळं बाद, म्हणजे आर्मी–नेव्हीही. प्रतिकूल वाटेल असाही एक निर्णय घेतला: उत्तरात 'फायदा आहे/नाही' हे शब्दच येणार नाहीत. एक आकडा आणि त्याची दोन टोकं, गुणांमध्ये. पट्टा उणे अर्ध्यापासून अधिक दोनपर्यंत आला तर तसाच छापायचा.

निकालाआधी आपापला अंदाज लिहून ठेवायचं ठरलं. माझा: एक गुण, आणि ऑप्शन संघांविरुद्ध त्याहून थोडा जास्त. दादाचा: अर्धा. तो म्हणतो, फुटबॉल कळत नसल्याचा हा फायदा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

२०२५ची जोडी-यादी तयार. दोन बायचं वर्ष, तरी एकतर्फी सामने त्या मानाने दुप्पट होत नाहीत, कारण दोघांना एकत्र मोकळीक देण्याकडे कल आहे. अलाबामा–जॉर्जिया २७ सप्टेंबरला: दोघंही बाय घेऊन, गेल्या वर्षीसारखंच. अलाबामा–एलएसयू ८ नोव्हेंबरला: दोघंही. आणि व्हँडरबिल्ट ४ ऑक्टोबरला अलाबामाच्या घरी, टस्कलूसात जाणार, या वेळी आधी मोकळा शनिवार नाही. ऑफिसातल्या त्या गृहस्थांना ही तारीख कळवली. त्यांनी ती कॅलेंडरवर आधीच लाल केली होती.

स्क्रिप्ट दर सोमवारी सकाळी चालेल, रविवारी रात्रीपर्यंतचे निकाल घेऊन. मिड-अमेरिकनच्या मंगळवार-बुधवारच्या सामन्यांसाठी नोव्हेंबरात गुरुवारीही.

उद्या डब्लिनमध्ये आयोवा स्टेट विरुद्ध कॅन्सस स्टेट. दोघांचाही पहिलाच सामना, त्यामुळे आमच्या तक्त्यात त्याला जागा नाही. तो नुसता बघायचा.